गाठ पुन्हा येणं वेगळं, आजार पसरणं वेगळं: स्तन राखून केलेल्या शस्त्रक्रियेनंतरचे प्रश्न

या वेळी एकाच विषयावरची पत्रं एकत्र घेतली आहेत: स्तन न काढता फक्त गाठ काढली, आता पुढे काय? पत्रं मोठी होती, मूळ प्रश्न तेवढा ठेवला आहे. उत्तरं कर्करोगाची शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि औषधोपचार या तिन्ही बाजू सांभाळणाऱ्या आमच्या तज्ज्ञ मंडळाने मिळून दिली आहेत.

प्रश्न : माझं वय ४६. सहा महिन्यांपूर्वी डाव्या स्तनातली दोन सेंटिमीटरची गाठ काढली, स्तन ठेवला. केमो आणि शेक (रेडिएशन) दोन्ही पूर्ण झाले. आता सासरची मंडळी म्हणतात, "पूर्ण काढून टाकायला हवा होता, मुळासकट गेला असता." झोप लागत नाही. मी चूक केली का? (सातारा)

नाही. आणि हे तुमचं मन राखायला म्हणत नाही. या प्रश्नावर वैद्यकशास्त्राने वीस-वीस वर्षं बायकांचा पाठपुरावा करून उत्तर मिळवलेलं आहे.

इटलीत मिलान इथे उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात ७०१ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. सर्वांच्या गाठी लहान, दोन सेंटिमीटरपर्यंतच्या. एका गटाचा पूर्ण स्तन छातीच्या स्नायूंसकट काढला. दुसऱ्या गटात गाठ असलेला भाग काढून उरलेल्या स्तनाला रेडिएशन दिलं. वीस वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा स्तन राखलेल्या ३५२ जणींपैकी ३० जणींना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली होती, तर स्तन काढलेल्या ३४९ जणींपैकी ८ जणींना त्याच जागी आजार उलटला होता. म्हणजे स्तन काढूनही छातीच्या भिंतीवर गाठ येऊ शकते, हे आधी लक्षात घ्या. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या मोठ्या अभ्यासातही आयुष्याच्या बाबतीत हेच दिसलं.

असं का होतं, हे कळलं की घरच्यांना सांगणं सोपं जाईल. स्तनात पुन्हा गाठ येते ती तिथेच मागे राहिलेल्या पेशींमुळे, किंवा तिथे नव्यानेच सुरू झालेल्या कॅन्सरमुळे. हाडात, यकृतात, फुफ्फुसात आजार दिसतो तो बहुतेक वेळा शस्त्रक्रियेच्या आधीच रक्तातून निघून गेलेल्या आणि तिथे जाऊन निपचित पडलेल्या पेशींमुळे. स्तन पूर्ण काढला तरी त्या पेशींना काहीच होत नाही. त्यांच्यासाठी केमो, हार्मोनच्या (म्हणजे हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या) गोळ्या, आणि गाठ हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे हर-टू हे प्रथिन जास्त असलेली, असेल तर ट्रॅस्टुझुमॅब हे औषध. पहिली लढाई सर्जन आणि रेडिएशनची, दुसरी औषधांची. सासरच्यांनी या दोन लढाया एक केल्या आहेत, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ सुशिक्षित माणसंही हेच करतात.

एक अट मात्र खरी: रेडिएशन. फिशर यांच्या अभ्यासात गाठ काढून शेक घेतलेल्यांपैकी १४.३ टक्के स्त्रियांना वीस वर्षांत त्याच स्तनात गाठ आली. शेक न घेतलेल्यांत ते प्रमाण ३९.२ टक्के होतं. हे आकडे जुन्या काळातले आहेत. आजची औषधं, मॅमोग्राफी आणि रेडिएशन यांमुळे दहा वर्षांत शंभरातल्या पाचेक जणींना, अनेक गटांत त्याहूनही कमी जणींना त्याच स्तनात गाठ येते. तुमचा शेक पूर्ण झाला आहे.

स्तन राखणं चुकीचं ठरलं असतं अशा स्थिती वेगळ्या आहेत: स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत पसरलेल्या गाठी, पूर्वी त्याच जागी झालेलं रेडिएशन, संपूर्ण स्तन लाल करून सुजवणारा प्रकार, किंवा दोन-दोनदा काढूनही काढलेल्या तुकड्याच्या कडा कॅन्सरपासून साफ न होणं. यातलं काही असतं तर सर्जनने आधीच सांगितलं असतं.

प्रश्न : बायकोच्या रिपोर्टमध्ये "डीप मार्जिन (आतली कड) १ मि.मी." असं लिहिलं आहे. एका डॉक्टरने पुन्हा ऑपरेशन सुचवलं, दुसरे म्हणतात गरज नाही. कोणाचं ऐकावं? (चिपळूण)

रिपोर्टमध्ये आणखी एक ओळ शोधा. कॅन्सर "इन्व्हेझिव्ह", म्हणजे नलिकेबाहेर आसपास शिरलेला, आहे की फक्त "डीसीआयएस", म्हणजे दुधाच्या नलिकेच्या आतच असलेला? उत्तर त्यावर ठरतं.

काढलेला तुकडा पॅथॉलॉजी विभागात कसा जातो ते पाहा. सर्जन टेबलावरच त्याला दोन टाके घालतात, बहुतेक ठिकाणी आखूड दोरा वरच्या बाजूला आणि लांब दोरा काखेच्या बाजूला. मग पॅथॉलॉजिस्ट तुकड्याच्या सहाही बाजूंना शाई लावतात, अनेक ठिकाणी प्रत्येक बाजूला वेगळा रंग. त्यानंतर तो पावाच्या स्लाइससारखा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कॅन्सरच्या पेशी शाईला टेकल्या असतील तर ती कड "पॉझिटिव्ह", म्हणजे पलीकडे काही उरलं असण्याची शक्यता मोठी.

इन्व्हेझिव्ह कॅन्सरसाठी २०१४ पासून सर्जन आणि रेडिएशनतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनांची एकत्र भूमिका अशी आहे: शाईवर गाठ नसेल तर कड पुरेशी. पुढे रेडिएशन होणार असेल तर एक मिलिमीटर आणि पाच मिलिमीटर यात पुन्हा गाठ येण्याच्या दृष्टीने मोठा फरक सापडलेला नाही. फक्त डीसीआयएस असेल तर दोन मिलिमीटरची कड मागितली जाते, कारण तो नलिकेतून तुटक-तुटक पसरतो आणि मधला भाग साफ दिसू शकतो.

तुमच्या बाबतीत "डीप" म्हणजे छातीच्या स्नायूकडची बाजू. सर्जनने स्नायूवरचं आवरण तुकड्यासोबतच काढलं असेल तर त्या बाजूला स्तनाची पेशीच उरलेली नसते, आणि पुन्हा कापायला जागाही नसते. "आवरण काढलं होतं का?" एवढा एकच प्रश्न पहिल्या सर्जनला विचारा. गाठ इन्व्हेझिव्ह आणि उत्तर "हो" असेल तर बहुधा दुसरे डॉक्टर बरोबर आहेत.

प्रश्न : आई ७२ वर्षांची. गाठ दीड सेंटिमीटर, काखेतल्या गाठी (लसिका ग्रंथी) साफ, हार्मोन पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारी). शेक घ्यायला रोज सोलापूरला जावं लागणार. नाही घेतला तर चालेल का? (उस्मानाबाद जिल्हा, आता धाराशिव)

वयस्कर स्त्रीच्या बाबतीत हा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर थेट अभ्यास झालेला आहे. ब्रिटनमधून चालवलेल्या 'प्राइम टू' या अभ्यासात ६५ किंवा जास्त वयाच्या १,३२६ स्त्रिया होत्या. गाठ तीन सेंटिमीटरपर्यंत, काख साफ, हार्मोन पॉझिटिव्ह, कडा साफ, आणि सर्वांना हार्मोनच्या गोळ्या. दहा वर्षांत शेक न घेतलेल्यांपैकी ९.५ टक्के, तर घेतलेल्यांपैकी ०.९ टक्के स्त्रियांना त्याच स्तनात गाठ आली. दहा वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच, ८१ टक्क्यांच्या आसपास.

म्हणजे शेक न घेतल्याने आयुष्य कमी होत नाही, पण त्या स्तनात गाठ परत येण्याची शक्यता दहापट होते. शेक सोडायचा तर गोळी पाच वर्षं न चुकता घ्यायलाच हवी. "शेक नको, आणि गोळीनेही गुडघे दुखतात म्हणून बंद केली" असं झालं तर दोन्ही आधार गेले. आईंना विसराळूपणा असेल, किंवा आधीच सात-आठ औषधं चालू असतील, तर आमचा कल शेक घेण्याकडे राहील.

जाण्यायेण्याचा त्रास मात्र आता पूर्वीसारखा नाही. जुन्या पद्धतीत पाच आठवडे, २५ फेऱ्या होत्या. आज १५ फेऱ्यांत ४० ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप) हे जगभर रूढ आहे, आणि निवडक रुग्णांत एका आठवड्यात पाच फेऱ्यांत २६ ग्रे देण्याची पद्धतही २०२० पासून अभ्यासाच्या आधाराने वापरली जाते. सोलापूरच्या डॉक्टरांना "पाच फेऱ्यांत होईल का?" असं स्पष्ट विचारा. आठवडाभर नातेवाइकांकडे राहून काम होत असेल तर निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

तरुण स्त्रियांनी हे उत्तर स्वतःला लावून घेऊ नये. वय चाळिशीच्या आत असेल तर उलट, नेहमीच्या शेकानंतर गाठीच्या जागेवर आणखी "बूस्ट" डोस दिला जातो. युरोपातल्या अभ्यासात १६ ग्रेच्या बूस्टमुळे या वयोगटात वीस वर्षांतलं पुन्हा गाठ येण्याचं प्रमाण ३६ टक्क्यांवरून सुमारे २४ टक्क्यांवर आलं.

प्रश्न : शस्त्रक्रियेला चौदा महिने झाले. व्रणाच्या बाजूला कडक, लिंबाच्या बीएवढी गाठ हाताला लागते. दुखत नाही. पुढची तपासणी चार महिन्यांनी आहे, तोवर थांबू का? (नाशिक)

थांबू नका. याच आठवड्यात दाखवा. घाबरून नव्हे, तर तिचा निकाल लावायला.

शेक घेतलेल्या स्तनात गाठ लागण्याची साधी कारणं पुष्कळ आहेत. सगळ्यात जास्त फसवणारी म्हणजे "फॅट नेक्रोसिस". शस्त्रक्रियेने आणि रेडिएशनने तिथल्या चरबीचा रक्तपुरवठा तुटतो, ती चरबी मरते, कडक होते, कधी आत तेलाची पिशवी बनते. काही महिन्यांनी तर कधी काही वर्षांनीही ती हाताला लागते आणि हुबेहूब कॅन्सरसारखी वाटते. मॅमोग्राममध्ये अंड्याच्या टरफलासारखी गोल पांढरी कड दिसली तर ओळख पटते. नाही दिसली तर मॅमोग्राम, सोनोग्राफी दोन्ही मिळूनही शंका राहू शकते. मग जाड सुईची बायोप्सी, "कोअर बायोप्सी", करायची. नुसत्या बारीक सुईने पेशी ओढून केलेल्या तपासणीवर, एफएनएसीवर, इथे विसंबू नये. शेक घेतलेल्या पेशी विचित्र दिसतात आणि रिपोर्ट "शंकास्पद" म्हणून लटकत राहतो.

पुढच्या गोष्टी स्वतः लक्षात घेऊन डॉक्टरांना सांगा. गाठ व्रणाच्या रेषेतच आहे की तिच्यापासून दूर? मूळ गाठ होती त्याच भागात आहे का? महिन्याभरात वाढली का? त्वचा आत ओढली गेली आहे का? स्तनाग्र पूर्वी सरळ होतं आणि आता वळलं आहे का? शेकामुळे स्तन थोडा कडक आणि आक्रसलेला होतोच, पण हा बदल साधारण पहिल्या एक-दोन वर्षांत होऊन थांबतो. थांबलेलं पुन्हा बदलायला लागलं तर ते महत्त्वाचं.

मॅमोग्राममध्ये "धातूच्या क्लिपा" असं वाचून पुष्कळ जणी दचकतात. गाठीची जागा रेडिएशनला कळावी म्हणून सर्जनने सोडलेल्या त्या टायटेनियमच्या खुणा आहेत. त्या आयुष्यभर राहतात, एमआरआयलाही त्यांची अडचण होत नाही.

आणखी एक दुर्मिळ पण विसरू नये अशी गोष्ट: शेक घेतलेल्या त्वचेवर काही वर्षांनी जांभळट, मार लागल्यासारखा डाग आला आणि महिनाभरात गेला नाही, तर मलम लावत बसू नका. त्वचेची बायोप्सी मागा.

प्रश्न : चार वर्षांनी त्याच स्तनात पुन्हा गाठ आली, बायोप्सीत कॅन्सर निघाला. आता सगळं संपलं का? पुन्हा केमो लागेल का? (ठाणे)

ज्या क्रमाने गोष्टी व्हायला हव्यात त्याच क्रमाने बघू, कारण इथे घाईत पायऱ्या गाळल्या जातात.

पहिली पायरी, बायोप्सीच्या तुकड्यावर ईआर, पीआर (गाठ हार्मोन पॉझिटिव्ह आहे का ते सांगणाऱ्या दोन तपासण्या) आणि हर-टू पुन्हा तपासलेच पाहिजेत. "चार वर्षांपूर्वीच्या रिपोर्टवरून" चालणार नाही. पहिल्या वेळी हार्मोन पॉझिटिव्ह असलेली गाठ दुसऱ्या वेळी निगेटिव्ह निघू शकते, हर-टू बदलू शकतो, आणि औषध त्यावरच ठरतं.

दुसरी पायरी, आजार आणखी कुठे आहे का ते पाहणं. नेहमीच्या पाठपुराव्यात आम्ही स्कॅनला नाही म्हणतो (पुढचं उत्तर पाहा), पण इथे हो. पेट-सीटी, किंवा छाती-पोटाचा सीटी आणि हाडांचा स्कॅन. हे ऑपरेशनच्या आधी. स्तन काढून झाल्यावर यकृतात डाग सापडणं म्हणजे आधी काय करायचं हा क्रमच चुकणं.

स्कॅन साफ असेल तर हा आजार अजून स्तनापुरता आहे आणि पूर्ण बरं करण्याच्या हेतूनेच उपचार होतात. सर्वसाधारण मार्ग म्हणजे आता पूर्ण स्तन काढणं, कारण त्या स्तनाला रेडिएशनचा पुरेसा डोस आधीच मिळालेला आहे. हवं असेल तर पोटाच्या किंवा पाठीच्या स्वतःच्या ऊतींनी स्तन पुन्हा बनवता येतो. शेक घेतलेल्या त्वचेखाली नुसतं सिलिकॉन बसवलं तर त्याभोवती आवरण आवळून कडक होण्याचा त्रास जास्त होतो, हे प्लास्टिक सर्जनला आधी विचारून घ्या. काही निवडक जणींत, गाठ लहान आणि पहिल्या शेकाला बरीच वर्षं झालेली असतील तर, पुन्हा फक्त गाठ काढून तेवढ्याच भागाला शेक देता येतो. त्यासाठी अनुभवी केंद्र हवं.

केमोबद्दल: गाठ हार्मोन निगेटिव्ह असेल तर अशा वेळी केमोचा फायदा 'कॅलोर' नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात स्पष्ट दिसला. हार्मोन पॉझिटिव्ह असेल तर तो तसा दिसला नाही. तिथे गोळी बदलणं जास्त महत्त्वाचं. टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची गोळी चालू असताना गाठ आली असेल तर तीच गोळी पुढे रेटण्यात अर्थ नाही.

आता "संपलं का?" चार वर्षांनी, मूळ जागेपासून दूर आणि वेगळ्या प्रकारची गाठ असेल तर ती नवीनच कॅन्सर असण्याची शक्यता असते, आणि तिचं भवितव्य तुलनेने चांगलं असतं. वर्ष-दीड वर्षात त्याच व्रणाखाली उलटलेला आजार जास्त आक्रमक मानतात. तुमचं पहिलं निदान पन्नाशीच्या आत झालं असेल, किंवा घरात स्तनाचा वा बीजकोशाचा कॅन्सर झालेला असेल, आणि बीआरसीए या, दोष असल्यास हे कॅन्सर घराण्यात आणणाऱ्या, जनुकाची तपासणी झाली नसेल, तर ती आता करून घ्या. निकाल पॉझिटिव्ह आला तर दुसऱ्या स्तनाचं आणि बीजकोशांचं काय करायचं हे वेगळं ठरवावं लागतं, आणि बहिणी-मुलींनाही तपासणी सुचवता येते.

प्रश्न : दर सहा महिन्यांनी पेट-स्कॅन आणि सीए १५-३ (रक्तातल्या कॅन्सरच्या खुणेची, मार्करची तपासणी) करून घेतलं तर पसरलेलं लवकर कळेल ना? पैशांची अडचण नाही. (पुणे)

लवकर कळेल, पण त्याने आयुष्य वाढेल असं दिसलेलं नाही. इटलीत दोन मोठे अभ्यास झाले. एका गटाला ठरावीक काळाने हाडांचे स्कॅन, एक्स-रे वगैरे, दुसऱ्याला फक्त डॉक्टरांची तपासणी आणि मॅमोग्राम. आयुष्यमानात फरक नाही. पसरलेला आजार लक्षण नसताना तीन-चार महिने आधी सापडला, तर रुग्ण ते महिने काळजीत आणि औषधांवर काढतो, इतकंच. अभ्यास जुने आहेत आणि औषधं बदलली आहेत हे मान्य, पण आजही मार्गदर्शक तत्त्वं लक्षण नसताना स्कॅन आणि मार्कर करू नका असंच सांगतात.

सीए १५-३ तर यकृताच्या साध्या तक्रारीनेही किंचित वाढतो. मग पेट, पेटमध्ये फुफ्फुसात जुन्या टीबीचा डाग चमकतो, मग सुई... आपल्याकडे टीबी इतका सर्वदूर आहे की ही साखळी नेहमीच बघायला मिळते.

काय करायचं ते थोडं आहे, पण चुकवायचं नाही. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांच्या हाताची तपासणी, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. मॅमोग्राम दरवर्षी, दोन्ही स्तनांचा; पहिला मॅमोग्राम शेक संपल्यावर किमान सहा महिन्यांनी. अगदी लगेच केला तर सूज आणि व्रण यांमुळे चित्र गढूळ येतं. दर वेळी शक्यतो त्याच केंद्रात करा आणि जुन्या फिल्म सोबत न्या, कारण एका फिल्मपेक्षा दोन फिल्ममधला फरक जास्त सांगतो.

प्रश्न : लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी दोन वर्षं घेतली. सकाळी बोटं वळत नाहीत, जिने चढवत नाहीत. आजार तर गेला, मग गोळी बंद केली तर? (कोल्हापूर)

बंद करू नका, बदला. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत ही सगळ्यात जास्त आढळणारी आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. बायका गुपचूप गोळी सोडतात आणि डॉक्टर विचारत नाहीत.

हार्मोन पॉझिटिव्ह कॅन्सर उशिरा उलटण्यात पटाईत असतो. ट्रिपल निगेटिव्हचा, म्हणजे ईआर, पीआर, हर-टू तिन्ही नसलेल्या कॅन्सरचा, धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत शिगेला असतो आणि पाच वर्षांनंतर बराच उतरतो. हार्मोन पॉझिटिव्हचा तसा उतरत नाही. ६२ हजारांहून जास्त स्त्रियांच्या एकत्रित माहितीत पाच वर्षं गोळी घेऊन, पाच वर्षं आजार न उलटलेल्यांतही पाचव्या ते विसाव्या वर्षादरम्यान दूर पसरण्याचा धोका होता: दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि साफ काख असेल तर १३ टक्के, तर दोन ते पाच सेंटिमीटरची गाठ आणि काखेतल्या चार ते नऊ लसिका ग्रंथींत कॅन्सर असेल तर ४१ टक्के. म्हणून काखेत आजार असेल तर पाचऐवजी सात-दहा वर्षं गोळी चालवण्याचा विचार होतो.

सांधेदुखीवर मार्ग आहेत. डॉक्टरांना विचारून दोन-तीन आठवडे गोळी थांबवा. दुखणं उतरलं तर ते गोळीचंच होतं हे कळतं. मग अॅनास्ट्रोझोल १ मि.ग्रॅ. किंवा एक्झेमेस्टेन २५ मि.ग्रॅ. सुरू करून बघा. औषधं एकाच जातीची असली तरी एक न सोसणाऱ्या स्त्रीला दुसरं सोसतं, असं पुष्कळदा होतं. तेही नाही जमलं तर टॅमॉक्सिफेन २० मि.ग्रॅ. व्यायामाने ही दुखणी कमी होतात हे अभ्यासाने दिसलं आहे: आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं आणि दोनदा वजनं उचलण्यासारखा ताकदीचा व्यायाम. विश्रांतीने ती वाढतात. ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता, डेक्सा, तपासून घ्या.

दोन सूचना, दोन्ही वारंवार चुकतात. केमोने पाळी थांबलेल्या पंचेचाळीशीतल्या स्त्रीला लेट्रोझोल दिलं तर बीजकोश पुन्हा जागे होऊ शकतात. तेव्हा गोळी कुचकामी ठरते, शिवाय गर्भ राहण्याची शक्यता. आधी हार्मोनच्या तपासण्या किंवा बीजकोश दाबणारं इंजेक्शन हवं. आणि टॅमॉक्सिफेनसोबत नैराश्यावरची पॅरॉक्सेटीन, फ्लुऑक्सेटीन ही औषधं नकोत. त्यांनी यकृतात टॅमॉक्सिफेनचं काम करणारं रूप तयार होणं अडतं. मनोविकारतज्ज्ञांना टॅमॉक्सिफेन चालू असल्याचं सांगा, पर्याय आहेत. पाळी गेल्यावर टॅमॉक्सिफेन चालू असताना रक्त दिसलं तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे, उशीर न करता.

प्रश्न : कंबर दुखली की वाटतं हाडात गेलं. खोकला आला की वाटतं फुफ्फुसात. कशाला घाबरायचं आणि कशाला नाही? (इंदूर)

दोन आठवड्यांचा नियम लावा. नवीन दुखणं, एकाच ठिकाणी, दोन आठवड्यांत न उतरणारं आणि वाढत जाणारं असेल तर दाखवा. गोळ्यांची सांधेदुखी दोन्ही बाजूंना, सकाळी जास्त, हालचालीने मोकळी होते. हाडातला आजार बहुधा एका जागी बोट ठेवून दाखवता येतो, रात्री झोपल्यावर जास्त ठणकतो, साध्या वेदनाशामकाला दाद देत नाही. कोरडा खोकला किंवा धाप आठवड्यांमागून आठवडे, कारण नसताना उतरणारं वजन, उजव्या बरगडीखाली जडपणा, कावीळ, नव्याने सुरू झालेली डोकेदुखी आणि सोबत पहाटेची उलटी, गळपट्टीच्या हाडावर किंवा काखेत लागलेली गाठ: यातलं काहीही असेल तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट बघू नका.

एकच गोष्ट त्याच दिवशी इस्पितळात नेण्याची आहे. पाठ दुखत होती आणि आता पाय जड पडतात, चालताना लटपटतात, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आहे, लघवी अडते किंवा कळत नाही. मणक्यातला आजार मज्जारज्जूवर दाब देत असण्याची ही लक्षणं. "उद्या सोमवारी ओपीडीला जाऊ" म्हटलं तर गेलेली ताकद परत न येण्याची भीती असते. तातडीने एमआरआय मागा.

नुसती हळदीच्या दुधाने जाणारी सर्दी-खोकला मात्र सर्दी-खोकलाच असतो.

प्रश्न : बहिणीला सहा वर्षांनी हाडांत पसरल्याचं सांगितलं. म्हणजे आता हाडांचा कॅन्सर झाला? स्तन आता काढायचा का? (मडगाव)

हाडांत असला तरी तो स्तनाचाच कॅन्सर आहे आणि त्यावर स्तनाच्या कॅन्सरचीच औषधं चालतात. राखलेला स्तन साफ असेल तर तो काढून काही मिळत नाही. हाडातून किंवा जिथून शक्य असेल तिथून एकदा बायोप्सी करून ईआर, पीआर, हर-टू बघणं हे पहिलं काम.

हार्मोन पॉझिटिव्ह असेल आणि यकृत, फुफ्फुसाला लगेच धोका नसेल, तर सुरुवात केमोने होत नाही. हार्मोनच्या गोळीसोबत पाल्बोसिक्लिब, रायबोसिक्लिब किंवा अॅबेमासिक्लिब, म्हणजे कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणाऱ्या गोळ्यांपैकी एक. लेट्रोझोलसोबत रायबोसिक्लिब दिलेल्या पाळी गेलेल्या स्त्रियांच्या एका अभ्यासात मध्यम आयुष्यमान सुमारे ६४ महिने, नुसत्या लेट्रोझोलमध्ये सुमारे ५१ महिने होतं. पाल्बोसिक्लिबचं भारतातलं पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपलं आणि देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्याने किंमत बरीच उतरली. डॉक्टरांना देशी पर्याय विचारायला संकोच नको. ही गोळी एकवीस दिवस घेऊन सात दिवस थांबायची असते. पहिले दोन महिने दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं, कारण पांढऱ्या पेशी उतरतात. ताप १०० च्या वर गेला तर गोळी थांबवून दाखवायचं.

हाडांसाठी झोलेड्रोनिक अॅसिड ४ मि.ग्रॅ. दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी. त्याआधी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन काढायचे दात काढून घ्या. इंजेक्शन सुरू झाल्यावर दात काढला तर जबड्याचं हाड न भरण्याचा त्रास उद्भवतो. प्रत्येक वेळी क्रिएटिनिन, कॅल्शियम बघून मगच द्यायचं. एका जागी खूप दुखत असेल तर एक ते पाच दिवसांचा शेक वेदना चांगल्या उतरवतो.

थोडक्यात

*सुई लावल्याने कॅन्सर पसरतो का? (जालना)* बायोप्सीने आयुष्य कमी झाल्याचं दिसलेलं नाही. बायोप्सीशिवाय थेट ऑपरेशन करणं हीच मोठी चूक, कारण मग उपचारांचा क्रम आंधळेपणाने ठरतो.

*ऑपरेशनआधी गाठीभोवती भुलीचं इंजेक्शन दिल्याने फायदा होतो असं ऐकलं. (डोंबिवली)* टाटा मेमोरियलच्या नेतृत्वाखाली भारतातल्या केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर हा अभ्यास झाला, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं तिच्याभोवती अर्धा टक्का लिग्नोकेन दिलं. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ९०.१ टक्के, न दिलेल्यांत ८६.४ टक्के. या सर्वांचं आधी केमो न घेता थेट ऑपरेशन झालं होतं. अजून ऑपरेशन व्हायचं असेल तर सर्जनला जरूर विचारा. झालं असेल तर आता देऊन उपयोग नाही.

*मूल हवं आहे, वय ३३, टॅमॉक्सिफेन चालू. (नागपूर)* १८ ते ३० महिने गोळी घेऊन मग दोन वर्षांपर्यंत थांबलेल्या स्त्रियांत जवळच्या काळात आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं नाही. दूरच्या काळाची माहिती जमा होते आहे. गोळी थांबवल्यावर सुमारे तीन महिने जाऊ द्या, आणि बाळंतपणानंतर पुन्हा सुरू करा.

*फाइलमध्ये काय जपून ठेवावं? (अकोला)* पहिल्या बायोप्सीचा आणि ऑपरेशनचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, ईआर-पीआर-हर-टूचा कागद, ऑपरेशनची नोंद, केमोची औषधं आणि डोस, रेडिएशनचा सारांश (किती ग्रे, किती फेऱ्या, बूस्ट किती), आणि सगळे मॅमोग्राम. डिस्चार्ज कार्डवर यातलं निम्मंही नसतं. गाठीचे तुकडे जपलेले मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड प्रयोगशाळेत काही वर्षंच ठेवतात. मुदत विचारून, अर्ज देऊन ब्लॉक ताब्यात घ्या आणि उन्हापासून, उष्णतेपासून दूर कोरड्या डब्यात ठेवा.